बॅच कुठली, हाऊस कुठलं?

आमच्या नवोदयच्या, म्हणजे जवाहर नवोदय विद्यालय या निवासी शाळेच्या, माजी विद्यार्थी मेळाव्याला गेटवरच एक टेबल असतं आणि तिथे बसलेली पोरं तुमचं नाव विचारायच्या आधी दोन गोष्टी विचारतात, बॅच कुठली, म्हणजे सहावीत कुठल्या साली आलात, आणि हाऊस कुठलं, म्हणजे शाळेत मुलांचे जे चार गट असतात त्यातला कुठला. मग तुम्ही बाहेर डॉक्टर असा नाहीतर तहसीलदार, त्या टेबलावर तुम्ही ९४ ची निलगिरी असता, हिरवी रिबिन छातीला टोचायची आणि आत जायचं. अरावली निळी, शिवालिक लाल, उदयगिरी पिवळी. देशभरातल्या नवोदयमध्ये हीच चार नावं, त्यामुळे ट्रेनमध्ये कुणी अनोळखी नवोदयवाला भेटला तरी दुसरं वाक्य हाऊसचंच असतं.

खरं सांगू का, स्टेजवरचा कार्यक्रम मला कधीच फार आवडला नाही. दीपप्रज्वलन, सत्कार, शाल-श्रीफळ, प्राचार्यांचं मनोगत, मग ज्याला कुणी थांबवू शकत नाही असा एक सिनियर दादा, हे सगळं होईपर्यंत एमपी हॉलमधली, म्हणजे शाळेच्या मोठ्या सभागृहातली, अर्धी जनता मागच्या दाराने निसटून हॉस्टेलकडे गेलेली असते. मी पण. मुलींच्या हॉस्टेलमध्ये माझा बेड खिडकीजवळचा होता, आता तिथे दुसऱ्याच कुणाची तरी पेटी असते, पत्र्याची, पांढऱ्या ऑइलपेंटने नाव, इयत्ता आणि हाऊस लिहिलेलं, आणि गंमत म्हणजे अक्षर अजून तसंच, बापाने घाईघाईत रंगवलेलं, शेवटची दोन अक्षरं जागा न पुरल्यामुळे चेंगरलेली. माझ्या पेटीवर पण असंच होतं. जी मुलगी त्या बेडवर असते ती बिचारी उठून उभी राहते आणि आम्ही चार-पाच बायका तिच्या गादीवर बसून तिलाच विचारतो, पीटीला अजून सकाळी अंधारात उठवतात का गं? ती हो म्हणाली की आम्हाला उगाचच बरं वाटतं.

नवोदय म्हणजे काय हे अजून पुष्कळांना नीट माहीत नसतं म्हणून थोडं सांगते. ही केंद्र सरकारची निवासी शाळा, सहावी ते बारावी, मुलं-मुली एकत्र शिकतात, राहणं-जेवण-गणवेश-पुस्तकं सगळं शाळेचं. १९८६ च्या शैक्षणिक धोरणातली ही योजना, पण सुरुवात त्याच्या जरा आधीच झाली, १९८५-८६ ला पहिल्या दोन शाळा निघाल्या, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. मेळाव्याला आमचे एक सर दरवर्षी हे अमरावतीचं सांगतात आणि दरवर्षी टाळ्या पडतात, जसं काही ती शाळा आम्हीच काढली.

आणि सहावीत आत यायला एकच रस्ता, ती पाचवीतली परीक्षा. मेळाव्यात सगळ्यात जास्त किस्से त्याच परीक्षेचे. कुणाच्या गुरुजींनी शाळा सुटल्यावर कंदिलाच्या उजेडात आकृत्या शिकवल्या, कुणाला फॉर्म भरलाय हेच माहीत नव्हतं, परीक्षेच्या दिवशी बापाने सायकलवर बसवून तालुक्याला नेलं आणि तिथे गेल्यावर सांगितलं की आज पेपर आहे. एकीची आई शेवटपर्यंत म्हणत होती की पास झाली तरी पाठवायची नाही, दहा वर्षांच्या पोरीला कोण हॉस्टेलवर टाकतं. एक तृतीयांश जागा मुलींसाठी असतात म्हणून आमच्यासारख्या कितीतरी जणी आत आल्या, नाहीतर घरातून आधी भावाचाच नंबर लागला असता हे आम्हाला सगळ्यांना माहितीय आणि यावर कुणी फार बोलत नाही.

म्हणूनच मेळाव्यातला माझा आवडता भाग दुपारचा. काही वर्षांपूर्वी एका ज्युनियर बॅचने सुचवलं की नुसतं जेऊन-खाऊन, फोटो काढून घरी जाण्यापेक्षा आजूबाजूच्या गावातल्या पाचवीच्या मुलांची सराव परीक्षा घेऊ. तेव्हापासून दरवर्षी वर्गखोल्यांत पोरं बसतात आणि आम्ही सुपरव्हिजन करतो. पेपर अगदी खऱ्यासारखा, २ तास, ८० प्रश्न, १०० मार्क. मानसिक क्षमतेचे ४० प्रश्न, म्हणजे आरशातली आकृती, वेगळी आकृती ओळखा वगैरे, मग अंकगणिताचे २० आणि भाषेचे २०. चुकलं तरी मार्क कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडायचा नाही, हे आम्ही शंभर वेळा सांगतो तरी पोरं सोडतात. एका मुलीला मी बघितलं, आरशातल्या आकृतीसाठी ती पेपर उचलून खिडकीच्या काचेसमोर धरत होती. मी काही बोलले नाही, खऱ्या परीक्षेत काच मिळणार नाही हे तिला तिच्या बाईंनी सांगितलं असेल नंतर.

मुलं आत पेपर सोडवत असताना बाहेर पालक आम्हाला घेरतात आणि तोच खरा प्रवेशाचा तास. फी किती? सहावी ते आठवी काहीच नाही, नववीपासून महिन्याला ६०० रुपये विकास निधी, त्यातही मुली, एससी-एसटी आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ, सरकारी नोकरदारांच्या मुलांना मात्र १५००. पुढच्या वर्षी परत बसता येईल का? नाही हो, सहावीसाठी एकदाच, पाचवीत असतानाच. फार झालं तर नंतर नववीला किंवा अकरावीला रिकाम्या जागांवर वेगळा प्रवेश असतो. दुसऱ्या जिल्ह्यातून फॉर्म भरू का? नाही, जिथे राहता आणि शिकता तोच जिल्हा. फॉर्मचे पैसे? शून्य, कुणी मागितले तर देऊ नका. ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या आणि त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी तिन्ही वर्षं गावातल्या शाळेत झालेली हवीत, हे ऐकलं की एखादे वडील लगेच बोटं मोजायला लागतात, चौथीत आपण तालुक्याच्या शाळेत टाकलं होतं ना रे.

या नियमाची एक मजा अशी की आमची स्वतःची मुलं इथे येणं कठीण. आम्ही बहुतेक जण शहरात गेलो, पोरं शहरातल्या शाळांत, म्हणजे उरलेल्या २५ टक्क्यांत नंबर लागायला हवा. माझी मुलगी मेळाव्याला येते, मेसमध्ये ताट घेऊन रांगेत उभी राहते आणि विचारते मी इथे का नाही आले. मला वाटतं नियम बरोबरच आहे. आम्ही आत आलो ते याच नियमामुळे, आता आम्हीच कशाला दार अडवून बसायचं.

रात्रीचा कार्यक्रम मात्र मी चुकवत नाही, कारण तेव्हा मायग्रेशनवाले येतात. नववीत वर्गातली साधारण ३० टक्के मुलं एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यात जातात आणि तिथली इकडे येतात, आमची अदलाबदल राजस्थानातल्या एका नवोदयशी होती. ९७ च्या गॅदरिंगला आमच्या स्टेजवर घूमर झालं आणि तिकडे आमच्या पोरांनी लेझीम बसवलं, लेझीम मिळत नव्हत्या म्हणून तिथल्या शिपाईकाकांनी लोखंडी साखळ्या लावून बनवून दिल्या असं आमची पोरं सांगतात, किती खरं ते त्यांनाच माहीत. तिकडून आलेल्यांपैकी एक जण अजून जमेल तेव्हा मेळाव्याला येतो, रात्रभर ट्रेनचा प्रवास करून. त्याचं मराठी ९७-९८ मध्येच थांबलंय, त्या वेळचे आमचे टिंगलीचे शब्द, सरांची टोपणनावं, लय भारी, सगळं अगदी ताजं, आणि आमच्या दादा-ताईच्या शाळेत भैया-दीदी घुसवली ती त्याच्याच टोळीने. स्टेजवर जाऊन तो मराठीतच सूत्रसंचालन करतो आणि निवृत्त झालेले मराठीचे सर पहिल्या रांगेतून त्याचं लिंग-वचन सुधारत बसतात, जोरात, माइक नसताना.

आमच्याकडे भाषेचा गोंधळ तसाही जुनाच. सातवीपर्यंत मराठीतून शिकलो, मग गणित-विज्ञान इंग्रजीत आणि सामाजिक शास्त्रं हिंदीत. त्यामुळे इतिहासाच्या सरांना नमस्कार करताना तोंडून आपोआप हिंदी येतं, आणि मुलीचा नागरिकशास्त्राचा धडा घेताना मी अजून अनुच्छेद, अधिकार असं हिंदीत पाठ म्हणते आणि ती हसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाऊसच्या मॅचेस. खो-खोला पोट सुटलेले पाटलासारखे बसतात आणि उठताना हात द्यावा लागतो, पण एकदा का शिवालिकवाल्याने जुनी फायनल काढली की संपलं, त्या वेळी अंपायर झालेले सर बाजूलाच खुर्चीवर असतात, त्यांना साक्षीला बोलावतात, ते म्हणतात मला आठवत नाही आणि मग दोन्ही बाजू त्यांच्यावरच तुटून पडतात.

२०२६ ला आम्हाला बारावी होऊन २५ वर्षं होतायत आणि रिवाजाप्रमाणे यजमानपद आमच्या बॅचकडे येतंय. मी ग्रुपवर आत्ताच टाकलंय की स्टेजवर एकही सत्कार नको, कॅटरर नको, जेवण मेसमध्ये आणि ताट ज्याचं त्याने धुवायचं, सराव परीक्षेला दोनशे पोरं बसतील एवढ्या झेरॉक्स आपण काढायच्या. उदयगिरीवाल्यांनी कॅटररवरून भांडायला सुरुवात केलीय, त्यांना मेसमध्ये पण रांग मोडायची सवय होती.