बॉनेटची जाळी, भाग ५: पाणी मागच्या काठावरून उतरत होतं

मंडळी, माझ्या जिप्सी किंगच्या बॉनेटमधली गळती सापडली. इंजिनची गरम हवा बाहेर पडावी म्हणून बॉनेटला भोकं पाडून दोन जाळ्या बसवल्यात, त्यांतून पावसाचं पाणी आत येत होतं. तीन आठवडे तिच्या मागे होतो, आणि जिथे शोधत होतो तिथे ती नव्हतीच.

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की दोन्ही जाळ्यांखाली पाणी झेलायला ट्रे बसवले, अंगणात अर्धा तास पाइप सोडला आणि खाली एक थेंब पडला नाही. त्या भरवशावर गेल्या शनिवारी गगनबावड्याला मामांकडे निघालो. कळे सोडल्यावर पावसानं जे धरलं ते बावड्यापर्यंत सोडलं नाही. किंगनं एकदाही मिसिंग मारलं नाही. खूप आनंदात होतो. रात्री मामांच्या दारातल्या चढावर, तोंड वर करून गाडी लावली. सकाळी स्टार्टर नुसता फिरत राहिला. डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे स्पार्क प्लगना वीज वाटून देणाऱ्या भागाची, कॅप काढली तर आतून घाम फुटल्यासारखी ओली. मामा छत्री धरून शेजारी उभे होते. म्हणाले, "बॉनेटला भोकं पाडल्यावर पाणी येणारच की रं!" मामींनी कॅप आणि रोटर चुलीच्या कडेला शेकून दिले, तेव्हा कुठे इंजिन लागलं.

घरी आल्यावर आधी सीलंटवर संशय घेतला, मग रिव्हेटवर, मग जाळीच्या उभ्या काठावर. हा ८ मिलिमीटरचा काठ मी मुद्दाम उभा केला होता. बॉनेटवरून वाहत येणारं पाणी त्याला वळसा घालून जातं आणि आत फक्त थेट पडणारा पाऊस येतो. तो काठ निर्दोष निघाला. सगळे सांधे कोरडे होते. शेवटी इंजिनवरच्या टॅपेट कव्हरपासून फायरवॉलपर्यंत (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापर्यंत) वर्तमानपत्र अंथरलं, त्यावर कपड्यांची नीळ भुरभुरली आणि बॉनेट लावून पाइप सोडला. सपाट जागेवर कागद पांढराच राहिला. मग गाडी गल्लीतल्या चढावर नेऊन तोंड वर करून लावली, नवा कागद, नवी नीळ. सात मिनिटांत मागच्या बाजूला निळ्या ठिपक्यांची सरळ रांग उमटली, बरोबर डिस्ट्रिब्युटरवर. जिप्सीच्या जी१३ इंजिनमध्ये तो हेडच्या मागच्या टोकाला, फायरवॉलला लागून बसतो. पाणी पडायला याहून वाईट जागा नाही.

हिशेब कागदावर मांडला तेव्हा चूक लख्ख दिसली. ट्रे पुढून मागे १८ सेंटिमीटर, काठ १५ मिलिमीटर, ड्रेन फक्त पुढच्या दोन कोपऱ्यांत. ट्रेला पुढे ३ अंशांचा उतार दिलेला. मोबाइलवरच्या लेव्हलनं चढ मोजला तर ९ अंश भरला. म्हणजे ट्रे ६ अंश मागे कललेला. १८ सेंटिमीटरवर ६ अंश म्हणजे जवळजवळ १९ मिलिमीटरचा फरक. मागचा काठ १५ मिलिमीटरचाच, त्यामुळे पाणी पुढच्या ड्रेनला टेकायच्या आधीच मागून सांडणार. ट्रे जोपर्यंत साधारण पावणेपाच अंशांपेक्षा कमी मागे कलतो तोपर्यंतच चालतं. मी सगळं गणित धावत्या गाडीचं केलं होतं. धावताना पाणी फारसं आत येतच नाही. खरा पाऊस आत येतो तो गाडी उभी असताना.

आणि पाणी थोडं नसतं. दोन्ही भोकं ३६ बाय १२ सेंटिमीटर. तासाला ५० मिलिमीटर पाऊस धरला तर त्यांतून ४ लिटरच्या वर पाणी आत येतं. बावड्यात असा तास रात्रीतून कितीदाही येतो.

पहिला विचार होता मागचा काठ ३० मिलिमीटर करायचा. पण ट्रे बॉनेटखाली ४० मिलिमीटरवर आहे, मग हवेला मागे जेमतेम १० मिलिमीटर फट उरते. ज्या गरम हवेसाठी हा सगळा खटाटोप, तिचीच वाट बंद करायची नाही. एप्रिल-मे मध्ये चढ चढून थांबलं की कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळायचं, ते जाळ्या बसवल्यापासून एकदाही झालेलं नाही. म्हणून काठ तसाच ठेवला आणि मागच्या दोन कोपऱ्यांतही ड्रेन काढले. गाडी कशीही उभी करा, पाण्याला सखल कोपऱ्यात वाट मिळाली पाहिजे.

ड्रेनच्या नळ्यांचंही एक दुखणं निघालं. ऑनलाइन मागवलेल्या किटमधल्या नळ्या आतून ८ मिलिमीटर. एक पान अडकलं की संपलं. शिवाय मी त्यांची तोंडं पंख्याच्या मागे सोडली होती. इंजिन चालू असताना पंख्याची हवा नळीतून वर चढायची आणि ट्रेमधलं पाणी खाली न जाता बुडबुडे काढत बसायचं. हे टॉर्च धरून स्वतः पाहिलं. आता पाऊण इंची पाइप घातलाय, चाकाच्या बाजूनं खाली नेलाय, आणि टोकाला ट्रॅक्टरच्या एअर फिल्टरखाली असतो तो चपट्या चोचीचा रबरी व्हॉल्व्ह लावलाय. पाण्याच्या वजनानं चोच उघडते, हवा वर येत नाही. ट्रॅक्टर स्पेअरच्या कुठल्याही दुकानात मिळतो. सगळ्या कामात मला सर्वांत जास्त समाधान या रबराच्या तुकड्यानं दिलं.

इथपर्यंत लिहिलं आणि जुन्या वहीतले दाबाचे आकडे पुन्हा समोर आले. गवंड्याची लेव्हल ट्यूब घेऊन एक टोक बॉनेटखाली, दुसरं बॉनेटवर सपाट चिकटवून ६० च्या वेगाला घेतलेले. त्या वेगाला वाऱ्याचा पूर्ण दाब सुमारे १७ मिलिमीटर पाण्याइतका असतो. जाळीच्या पुढच्या काठाशी ६ मिलिमीटरची ओढ मिळाली होती, मागच्या काठाशी जेमतेम १, आणि त्याच्याही मागे काचेकडे दाब उलटा. जिप्सीची काच उभी, तिच्या पायथ्याशी हवा तुंबते. म्हणजे जाळीचा मागचा तिसरा हिस्सा हवा जवळजवळ बाहेर टाकतच नाही, फक्त पाऊस घेतो! तेवढ्या ४ सेंटिमीटरवर पट्टी मारली तर पाणी ४ लिटरवरून ३ च्या आत येतं. बॉनेट पुन्हा कापायचं नाही, रंगही मोडायचा नाही. तेव्हा मागे सांगितलेला नव्या जाळ्यांचा बेत रद्द. उद्याच उद्यमनगरात जाऊन १.२ मिलिमीटर ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या वाकवून आणतो. तिथल्या बेंडिंगवाल्यांची घडी इतकी नेमकी येते की ट्रेसाठी मला एकदाही हातोडी लावावी लागली नाही.

बऱ्याच जणांनी विचारलं होतं की जुन्या डिझेल फॉर्च्युनरच्या बॉनेटवर एवढं मोठं तोंड आहे, तिला काही होत नाही ते कसं. ते तोंड हवा आत घेतं आणि खाली इंटरकूलर असतो. तो भिजला तरी बिघडत नाही. आपल्या जाळीखाली स्पार्क प्लगच्या हायटेन्शन वायरी आहेत.

सीलंटबद्दल एकच सांगणं: व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन उघड्या पत्र्यावर लावू नका, खालून गंज धरतो. न्यूट्रल सिलिकॉन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट घ्या, आणि कापलेल्या कडेला आधी इपॉक्सी प्रायमर मारा.

आज संध्याकाळी त्याच चढावर, चारही ड्रेन चालू ठेवून, दोन्ही जाळ्यांवर मिळून २० लिटर पाणी ओतलं. डिस्ट्रिब्युटरवरचा कागद कोरडा. फक्त डाव्या ट्रेच्या एका बोल्टखाली दोन निळे ठिपके आले, तिथे रबरी वॉशर घालायचा राहिलाय.