तुम्ही विचारलंत म्हणून: तलावात मत्स्यबीज सोडायचं तर गवत कशाला लावता?

आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडच्या तलावांवरच्या कामाचे फोटो पाहिले की पुण्यातले नातेवाईक आणि इथले कॉलेजचे विद्यार्थी एकच प्रश्न विचारतात. मासेच वाढवायचे आहेत ना, मग मत्स्यबीज आणून सोडा. भर पावसात चिखलात उतरून गवत कसलं लावता?

बीज सोडतातच. इथल्या ढिवर या मासेमार समाजाच्या सहकारी सोसायट्या दरवर्षी रोहू, कटला, मृगळ यांचं बीज, म्हणजे लहान पिल्लं, विकत आणतात. पण हे नदीचे मासे. पुराचं वाहतं पाणी मिळालं तरच ते अंडी घालतात. तलावाच्या साचल्या पाण्यात वाढतात, पिल्लं मात्र देत नाहीत. 1957 साली ओडिशात शास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी माशाच्या पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथीचा अर्क टोचून अशा माशांचं प्रजनन घडवलं आणि पुढे देशभर मत्स्यबीज मिळू लागलं. फार मोठं काम ते. पण त्यामुळे सोसायटीचं दर पावसाळ्याला बीजासाठी पैसे मोजणं काही सुटत नाही.

मरळ, शिंगी, मागूर या इथल्या माशांचं तसं नाही. ते तलावातच जन्मतात, तिथंच वाढतात. मरळ पाणवनस्पतींच्या दाटीत जागा करून अंडी घालते आणि पिल्लं जरा मोठी होईपर्यंत जोडी त्यांच्यावर पहारा देते. लहान मासोळ्यांना लपायला आणि खायलाही तीच दाटी लागते. ती गेली की तलाव कितीही भरलेला असो, या माशांसाठी तो ओसाडच.

आणि ती गेलीच. गाळ साचला, काठाकाठानं बेशरमानं जागा धरली. दक्षिण अमेरिकेतून आलेलं हे झुडूप, तोडलेल्या फांदीच्या तुकड्यालाही मूळ फुटतं. त्यात वजन लवकर धरतो म्हणून गवत्या (ग्रास कार्प) मासा सोडला गेला, तो वनस्पतीच खातो. सायप्रिनस (कॉमन कार्प) हा मासा तळ उकरतो, त्यानं उरलेली मुळंही सुटतात.

मी वनस्पतिशास्त्र शिकवलंय. पण कोणती वनस्पती किती पाण्यात तगते, कोणती मासोळी कशाच्या आडोशाला अंडी घालते, हे मला ढिवर म्हाताऱ्यांकडून कळलं. मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं इथं हेच ज्ञान मध्यभागी ठेवून काम उभं केलं, म्हणून मला ते मोलाचं वाटतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बेशरम मुळासकट उपटायचं आणि तलावाबाहेर नेऊन टाकायचं. कोरड्या पडलेल्या भागात नांगर फिरवायचा. पाऊस लागला की दुसऱ्या चांगल्या तलावातून आणलेली रोपं लावायची: काठाशी देवधान हा जंगली भात, थोडं आत कुमुद, त्याहून आत पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पती. लावणीला बायका पुढे असतात. धानाची रोवणी करणारे हात ते, त्यांना शिकवावं लागत नाही.

खरी अडचण चिखलात नसते, हक्कांत असते. पूर्व विदर्भात साडेसहा हजारांहून जास्त मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव आहेत. बरेचसे कोहळी समाजानं गोंड राजांच्या काळापासून बांधत आणलेले. 1951 मध्ये मालगुजारी, म्हणजे सारावसुलीची जमीनदारी पद्धत, संपली आणि तलाव सरकारकडे गेले. आता बहुतेकांचा कारभार जिल्हा परिषदेकडे, पाण्यावर शेतकऱ्यांचा निस्तार हक्क (परंपरेनं चालत आलेला वापराचा हक्क), मासेमारीची लीज सोसायटीकडे, आणि कोरड्या पडलेल्या कडेवर कोणाचं तरी अतिक्रमण. यातला एक जरी बाजूला राहिला तरी लावलेलं गवत टिकत नाही. धानाला शेवटचं पाणी हवं असतं तेव्हा तलाव तळापर्यंत सोडला, तर उन्हाळ्यात मरळीला थांबायला डोहसुद्धा उरत नाही. म्हणून किती पाणी राखायचं ते ग्रामसभेत शेतकरी आणि ढिवर यांनी समोरासमोर ठरवायचं. मजुरीसाठी रोजगार हमीतून काम मागायचं. ग्रामसभेत वर्षानुवर्षं मागं बसणारी ढिवर माणसं तिथं पाण्याचा हिशेब मांडायला उभी राहतात, हे या कामात मला सगळ्यात जास्त आवडतं.

सोसायटीकडून एक मोठी गोष्ट मागावी लागते: गवत्या आणि सायप्रिनस सोडणं बंद. हातावर पोट असलेल्या माणसाला, पटकन वाढणारा मासा सोडू नकोस, असं सांगणं सोपं नाही. लावणीचा पहिला हंगाम तर वनस्पती रुजण्यातच जातो, लावलेल्या भागात जाळं टाकता येत नाही. सरकारी योजना बीजासाठी पैसे देतात, तसे या रिकाम्या हंगामासाठीही द्यायला हवेत, असं माझं ठाम मत आहे. तोवर आमच्याकडे अर्ध्या तलावात लावणी करतात, उरलेल्या अर्ध्यात रोहू-कटल्याची मासेमारी चालू राहते, आणि पुढचा तुकडा कधी घ्यायचा ते सोसायटीच्या बैठकीत ठरतं.