टीव्हीवरचे जज आणि हरणाऱ्याचा चेहरा

मला कितीतरी वर्षं खरंच वाटायचं की 'जज ज्युडी' या अमेरिकन टीव्ही शोमध्ये ज्युडी बसते ते कोर्टच आहे. काळा झगा, त्यावर लेसची कॉलर, बाजूला युनिफॉर्ममधला बेलिफ म्हणजे कोर्टाचा शिपाई, मागे गप्प बसलेली माणसं, कोर्ट नाहीतर दुसरं काय असणार. मग कळलं की तो स्टुडिओतला सेट होता, मागची माणसं पैसे देऊन बसवलेली, आणि कायद्याने बाई तिथे जज नव्हत्याच, लवाद होत्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी मान्य केलेल्या मध्यस्थ. दोन्ही पार्ट्या स्मॉल क्लेम्स कोर्टातली, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टातली, आपली खरी केस मागे घ्यायच्या, तुमचा निकाल आम्हाला मान्य अशी सही करायच्या आणि मग कॅमेऱ्यासमोर यायच्या. भांडण जास्तीत जास्त ५,००० डॉलरचं.

पण माझ्या डोक्यातून जात नाही ती गोष्ट वेगळीच आहे. निकालाची रक्कम हरणारा भरायचाच नाही, शोवाले भरायचे, वर येण्याजाण्याचा आणि हॉटेलचा खर्चही त्यांचाच. म्हणजे समजा एखादा घरमालक भाडेकरूचं डिपॉझिट दाबून बसलाय आणि इथे हरला, तर त्याच्या खिशातून काय गेलं? काहीच नाही. मग शिक्षा कुठली? ती बोलणी, लाखो लोकांसमोर खाल्लेली. हे कळल्यापासून मी ते एपिसोड वेगळेच बघते, निकाल काय लागला याच्याशी मला देणंघेणं उरलेलं नाही, बाई कशा बोलतात आणि समोरच्याचा चेहरा कसा उतरत जातो तेच बघत बसते.

सुरुवातीला असं नव्हतं. १९८१ मध्ये 'द पीपल्स कोर्ट' हा असाच शो सुरू झाला तेव्हा त्यात जोसेफ वॉपनर होते, लॉस एंजेलिसच्या सुपीरियर कोर्टातून रिटायर झालेले खरे जज. दोघांचं ऐकून घ्यायचे, उठून आत जायचे, विचार करून परत यायचे आणि मग निकाल. चिडायचे नाहीत असं नाही, पण आवाज बहुतेक वेळा खालीच. १९८९ साली वॉशिंग्टन पोस्टने सर्व्हे केला तर ५४ टक्के लोकांना वॉपनर यांचं नाव माहीत होतं, आणि देशाचे सरन्यायाधीश रेन्क्विस्ट यांचं फक्त ९ टक्क्यांना!

ज्युडी शाइंडलिन, म्हणजेच जज ज्युडी, १९९६ मध्ये आल्या आणि २०२१ पर्यंत, २५ सीझन टिकल्या. त्या आधी न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या फॅमिली कोर्टात जज होत्या, रोज खोटं ऐकायचं, रोज पोरांची फरफट बघायची, त्यामुळे त्यांचा तो उतावीळपणा मला नाटकी वाटत नाही. कोणी तोंडावर खोटं बोलतो आणि त्या दोन प्रश्नांत पकडतात तेव्हा मलाही बरं वाटतं. पण एखादी पोरगी घाबरून अडखळतेय, हातातले कागद उलटसुलट करतेय, पावती सापडत नाहीये, आणि बाई तिचं वाक्य पुरं होऊ देत नाहीत, ते मला बघवत नाही. जिथे बोलणं हीच शिक्षा, तिथे ती मोजूनमापूनच द्यायला हवी ना.

म्हणून मला टीव्हीवर दिसणारे दुसरे जज, फ्रँक कॅप्रिओ, फार आवडतात. २०२५ मध्ये गेले, ८८ वर्षांचे होऊन. त्यांचं कोर्ट म्हणजे अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स शहराचं म्युनिसिपल कोर्ट, ते मात्र खरंखुरं, तिथला दंड ज्याचा त्यानेच भरायचा. ९६ वर्षांचे एक आजोबा समोर उभे, शाळेच्या भागात गाडी वेगात चालवल्याची केस. ते म्हणाले मी हळूच चालवतो, आणि गरज असेल तेव्हाच, मुलाला रक्त तपासायला न्यायचं होतं, त्याला कॅन्सर आहे. मुलगा ६३ वर्षांचा. कॅप्रिओंनी शांतपणे ऐकलं, तुम्ही फार चांगले आहात असं त्यांना सांगितलं आणि केस काढून टाकली. त्या आजोबांचा चेहरा मी किती वेळा बघितलाय.