इग्वासूला जाताय? चिवडा हॉटेलवरच ठेवा

अर्जेंटिना-ब्राझील सीमेवरच्या इग्वासू धबधब्यांना निघण्याआधी आमच्या टूरवाल्याने सांगितलं होतं, "कोआटी एकदम माणसाळलेले असतात, मुलं हाताने भरवतात." कोआटी म्हणजे रॅकूनच्या जातकुळीतला तिथला जंगली प्राणी. त्याच्याबद्दलचं हे सांगणं धादांत चुकीचं आहे, आणि म्हणूनच लिहायला बसलोय.

अर्जेंटिनाच्या बाजूच्या उद्यानात कातारातास स्टेशनवर छोट्या रेल्वेची गाडी बदलावी लागते. तिथेच खाण्याच्या टपऱ्या आणि उघड्यावर टेबलं आहेत. सगळा धोका याच टप्प्यात. लांब नाकाचे, पट्टेरी शेपटीचे कोआटी तिथे झुंडीने फिरतात. झुंडीत माद्या आणि पिल्लं असतात, मोठा नर बहुधा एकटाच हिंडतो. आमच्या शेजारच्या टेबलावर एका बाईंनी सँडविचचा कागद उघडला आणि दोन कोआटी खुर्चीवरून थेट ताटात. ओरडून, हात झटकून ते हलत नाहीत. बाईंच्या मनगटावर लांब ओरखडा उठला. जखमी हातांचे फोटो असलेले फलक तिथेच लावलेत, तरी लोक सेल्फीसाठी बिस्किटं पुढे करतात. संताप येतो. या खाऊमुळेच ते जंगलातले किडे-फळं सोडून टेबलांवर येतात.

माथेरानच्या माकडांची सवय असलेल्यांना वाटतं, खाऊ सॅकमध्ये लपवला की झालं. इथे ते चालत नाही. कोआटी वासावर येतो. चेन बंद असली तरी ठेपले, चिवडा, तुपाचे लाडू त्याला कळतात, आणि नखं इतकी मजबूत की कापड फाडायला वेळ लागत नाही. तेव्हा पोटभर नाश्ता प्वेर्तो इग्वासू या जवळच्या गावातच करून निघा, सोबत फक्त पाणी. उद्यानातलं खाणं महागही आहे आणि बेचवही. खायचंच असेल तर दार लागणाऱ्या जागेत बसून खा. प्लास्टिकची पिशवी हातात नकोच. मुलांना मधे ठेवा.

चावलं किंवा ओरबाडलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रेबीजचा धोका आहे. "लहानसं तर आहे" म्हणून भारतात परतेपर्यंत थांबू नका.

गार्गांता देल दियाब्लो या सगळ्यात मोठ्या धबधब्यापर्यंतचा लोखंडी पूल एका बाजूने साधारण 1.1 किलोमीटर आहे. चालायला सोपा, आणि शेवटी जे दिसतं त्यापुढे सगळा थकवा विसरायला होतो. मात्र 2023 च्या पुरात त्याची मोडतोड होऊन तो बराच काळ बंद होता, म्हणून तिकीट काढण्याआधी चालू आहे का ते विचारा. ब्राझीलची बाजू अर्ध्या दिवसात होते, कोआटी तिथेही आहेत.

पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्या आणि दाखला पासपोर्टसोबत ठेवा. तो नसेल तर परतताना भारतातल्या विमानतळावरून थेट विलगीकरणात जावं लागू शकतं, 6 दिवसांपर्यंत.