मीटर म्हणतो ७, ओव्हन म्हणतो १३

तळोजा एमआयडीसीत आमचं प्लायवूडचं युनिट आहे, मी तिथे लॅब आणि क्यूसी (मालाची तपासणी) बघतो. लॅब म्हणजे काय तर एक ओव्हन, एक वजनकाटा, सॅम्पल उकळायची टाकी आणि एक टेबल ज्यावर सगळ्यांचे जेवणाचे डबे. किस्सा जुलैतला. पाऊस असा की शिफ्टला कोण पोचतंय कोण नाही काही पत्ता नाही आणि नेमका १८ एमएमचा एमआर ग्रेडचा (ओलावा सोसणारा) लॉट तुर्भ्याच्या डीलरला द्यायचा होता.

लाकडाचे पातळ थर ग्लू लावून गरम प्लेटांमध्ये दाबतात ती हॉट प्रेस. सकाळी तिचा पहिला लोड उघडला, प्रेशर उतरलं, प्लेटा सुटल्या आणि आतून फट्ट, फट्ट. हॉट प्रेसवर काम केलेल्याला हा आवाज झोपेतसुद्धा कळतो. अर्ध्याहून जास्त शीटांवर बरोबर मधोमध फुगे, तव्याएवढे. नाण्याने ठोकत गेलो तर कडेला टणटण आणि मध्ये भद्द. पुढचा लोड चांगला निघाला, म्हटलं सुटलो, तर त्याच्या पुढचा परत तसाच.

मग नेहमीचं नाटक. पहिला आरोपी ग्लूवाला. तो बिचारा ओरडून सांगतोय की ग्लूतला मैदा तेवढाच, नवसागर तेवढाच, कप लावून ग्लू किती पातळ ते बघा. बघितलं, फ्लो रोजच्यासारखाच. तेवढ्यात शेठ आले, म्हणाले टेंपरेचर वाढव, ११० चं १२५ कर, नीट पकेल. मी म्हटलं शेठ एक मिनिट, आत पाणी जास्त असेल तर टेंपरेचर वाढवून वाफच वाढणार. प्रेस बंद असते तेव्हा पाणी शंभराच्या वर जाऊनही दाबाखाली कोंडून राहतं, कडेची वाफ हळूहळू निसटते, मधली कुठे जाणार? प्रेशर सोडलं की एका झटक्यात फुटते आणि दोन थरांमधली ओली-कच्ची ग्लूलाईन फाडून टाकते. शेठ म्हणाले, "अरे पण रजिस्टरात तर सात-आठ लिहिलंय!"

खरंच लिहिलं होतं. ड्रायर म्हणजे थर सुकवायचं मशीन, त्याच्या रजिस्टरात रात्रपाळीच्या रकान्यात ओलावा ७, ८, ७, ७ टक्के. आम्हाला कोअर, म्हणजे शीटच्या आतला थर, ६ ते ८ टक्क्यांत हवा असतो कारण ग्लू स्वतःच भरपूर पाणी घेऊन येतो, रेझिनमध्ये जवळपास निम्मं पाणीच असतं. ओलावा मोजायचा मीटर बिघडला म्हणावं तर कॅलिब्रेशन ब्लॉकवर लावून बघितला, एकदम बरोबर.

प्रेसवरचे काका पेणकडचे, मी शाळेत असल्यापासून ते या लाईनीत आहेत. त्यांनी ड्रायरच्या थप्पीतून एक कोअर ओढला, मधला भाग गालाला लावला आणि माझ्या हातात दिला. "लाव गालाला." लावला, गारेगार. मग कडेचा लावला, तो नाही. "आता हलवून बघ, वाजतोय का?" वाजत नव्हता, सुका कोअर कसा खडखड करतो, हा नुसता लुळा.

मी त्याच थप्पीतून मधल्या भागाचे तुकडे कापले, लगेच वजन केलं आणि ओव्हनला टाकले १०३ डिग्रीला, वजन उतरायचं थांबेपर्यंत. विनियर, म्हणजे लाकडाचा थर, पातळ असतो म्हणून दुपारपर्यंत आकडा आला. एक तुकडा ४६.८ ग्रॅमचा ४१.२ झाला. म्हणजे ५.६ ग्रॅम पाणी, भागिले सुकं वजन, १३.६ टक्के. (नवीन पोरं ओल्या वजनाने भागतात आणि १२ काढतात, त्यांना दरवेळी सांगावं लागतं.) कडेचा तुकडा मात्र साडेसातच.

मग मीटर कसा मारतात ते बघायला ड्रायरवर गेलो. पिनवाला मीटर, दोन सुया जिथे टोचल्या तिथलाच रेझिस्टन्स सांगतो. थप्पी रुंद, सुपरवायझर बाजूला उभा राहून हात पोचेल तिथे टोचणार, म्हणजे कडेला, आणि ड्रायरमध्ये कड आणि टोकं सगळ्यात आधी सुकतात. माणूस खोटं लिहीत नव्हता, मीटर खोटा नव्हता, जागा चुकीची होती.

१८ एमएमच्या ८ बाय ४ शीटमध्ये सुकं लाकूड साधारण तीसएक किलो धरा, १ टक्का म्हणजे ३०० मिली पाणी. सातच्या जागी तेरा म्हणजे एका शीटमध्ये जवळजवळ दोन लिटर जास्तीचं. शेठना हे लिटरमध्ये सांगितलं तेव्हा ते गप्प झाले, टक्क्यांत सांगत होतो तोवर वाद घालत होते.

पण रात्रीचाच माल का ओला? ड्रायरच्या चेनचा स्पीड तोच होता. थर्मिक हीटरचा (भट्टीवर तेल तापवून प्रेस आणि ड्रायर दोघांना उष्णता देतो तो) चार्ट काढला तर संध्याकाळपर्यंत तेल २२० च्या आसपास आणि मध्यरात्रीनंतर घसरत घसरत पहाटे १८० च्या खाली. प्रेसला ११० च लागतात, तिचा वॉल्व्ह तिला पाहिजे तेवढं ओढून घेतो, उपाशी राहतो तो ड्रायर. मागे गेलो हीटरवाल्याकडे. दिवसा शेडमधलं सुकं जळण जातं, ते रात्री संपतं, मग बाहेरच्या ढिगातलं, आणि त्यावरची ताडपत्री वाऱ्याने कधीच फाटलेली. ओंडका उचलला तर पाणी गळत होतं. भट्टीतली बरीच उष्णता ते पाणी उडवण्यातच जात होती. हीटरवाला म्हणाला, "साहेब, मी दोनदा ताडपत्री मागितली, कोण ऐकतंय." आता ते कुणाकडे मागितली हे मी इथे लिहीत नाही.

रात्रीचा सगळा कोअर परत ड्रायरमधून काढला, चेन हळू करून, आणि गरम थप्पी शटरपासून लांब ठेवायला लावली, कारण आपल्याकडे जुलैत ८०-८५ टक्के ह्युमिडिटीत उघडं पडलेलं लाकूड हळूहळू १५-१७ टक्क्यांपर्यंत पाणी परत पितं. जो माल काठावर होता त्याला प्रेस उघडताना प्रेशर एकदम न सोडता टप्प्याटप्प्याने सोडलं. काकांना ते सांगावंच लागलं नाही, त्यांचा हात आधीच वॉल्व्हवर. संध्याकाळचे लोड सगळे टणटण.

फुगलेल्या शीटा कापून पॅकिंगला गेल्या. डीलरचा माल दोन दिवस लेट, फोनवर जे ऐकायचं ते शेठनी ऐकलं. जळणाला पत्र्याची शेड त्याच आठवड्यात लागली, आणि मीटरसाठी वेल्डरकडून लांब दांडा करून घेतला, पुढे सुया आणि मागे वायर, थप्पीच्या मध्यापर्यंत जातो. सुपरवायझर त्याला भाला म्हणतो आणि मनापासून शिव्या घालतो.