पल्स ४६: डेंग्यूनंतरच्या सायकलची नोंद

मंडळी, मागच्या नोंदीत खुलताबादपर्यंत न थांबता चढल्याची फुशारकी मारली होती. त्यानंतर आठच दिवसांत १०३ ताप. डेंग्यूची एनएस१ रक्तचाचणी पॉझिटिव्ह. संभाजीनगरच्या लोकांना कारण सांगायला नको. नळाला पाणी येतं कधीतरी, म्हणून घरोघरी भरलेले ड्रम, आणि एडिस डासाला अंडी घालायला असलंच साठवलेलं स्वच्छ पाणी आवडतं. आता आमचे ड्रम दर आठवड्याला रिकामे करून घासायलोय.

पाचव्या दिवशी ताप उतरला आणि मी लगेच चेनला तेल घालायला बसलो. डॉक्टरांनी चांगलंच झापलं. डेंग्यूत धोक्याचा काळ बहुतेक वेळा ताप उतरतानाच सुरू होतो. पुढचे २४ ते ४८ तास रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपू शकतं. माझ्या प्लेटलेट ५८ हजार होत्या. अंगदुखीवर फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन नको, रक्तस्रावाची भीती असते. मावशीने आणलेला पपईच्या पानांचा रस मी केवळ तिचा मान राखायला प्यालो. (लई कडू.)

दिवस ९ (ताप उतरल्यापासून मोजायलोय): प्लेटलेट १ लाख ७० हजार. आणि सकाळी उठल्या उठल्या पल्स ४६! माझी नेहमीची ५८. मी खूश. आपण सगळे हेच धरून चालतो ना, की सकाळची पल्स वाढलेली असेल तर शरीर अजून झगडतंय, आणि कमी असेल तर निघा. घड्याळानेही ‘रिकव्हरी उत्तम’ दाखवलं. सुदैवाने तो आकडा डॉक्टरांना सांगितला. डेंग्यूतून बरं होताना नाडी मंदावणं नेहमीचंच, त्याचा फिटनेसशी संबंध नाही, असं ते म्हणाले. ईसीजी काढला, तो ठीक आला. काही विषाणूंनी हृदयाच्या स्नायूला सूज येते आणि तशात जोर काढला तर ठोके बिघडू शकतात. तशी सूज निघाली तर खेळ ३ ते ६ महिने बंद. छातीत दुखणं, धडधड, चक्कर, नेहमीपेक्षा जास्त धाप, यातलं काहीही झालं तर सायकल तिथंच सोडायची आणि दवाखाना गाठायचा.

दिवस १२: गल्लीत २० मिनिटं चाललो. बस.

दिवस १६: छावणीतून नगर नाका, सपाट ६ किमी. जिथं १२० पल्स असते तिथं १४८. परत फिरलो, दुपारी दोन तास मेल्यासारखा झोपलो. सोबतच्या पोराने फोन केला, “दादा, बरं वाटायलंय ना?” नव्हतं वाटत. पुढचे पाच दिवस पुन्हा नुसतं चालणं.

दिवस २४: सायकलवर मिटमिटा गावापर्यंत आणि परत. आता घड्याळ खिशात. चालवताना अख्खं वाक्य न तोडता बोलता आलं पाहिजे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पायऱ्या चढताना पाय जड वाटता कामा नयेत. जड वाटले तर एक पायरी मागं.

दिवस ३१: शरणापूर फाट्यावरून थेट दौलताबाद किल्ला. सकाळची पल्स ५६, म्हणजे ‘बिघडली’ म्हणून आनंद झाला, गंमतच. बाकीचे दिल्ली दरवाजातून घाटात शिरले. मी किल्ल्यासमोर सीताफळवालीजवळ बसून त्यांची वाट बघितली आणि ते परत येईपर्यंत तीन सीताफळं संपवली.