बढतीची फाइल वाचतात की मोजतात?

“तुम्ही बढतीच्या समितीवर असता ना, मग खरं सांगा, तिथे आमचे संशोधनाचे पेपर कुणी वाचतं का, की नुसते मोजतात?” तरुण प्राध्यापक सहकारी हे मला सारखं विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: बरेचदा मोजतातच. आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

असं का होतं? अर्जदार संशोधन, अध्यापन आणि संस्थेसाठी केलेलं काम मांडून फाइल देतो. विभाग शिफारस करतो, बाहेरचे तज्ज्ञ गोपनीय अभिप्राय पाठवतात आणि मग फाइल आमच्यापुढे येते. पण टेबलाभोवती सगळ्या शाखांची माणसं. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी इतिहासाचं काम जोखायचं. अशा वेळी आकडा हाताशी लागला की जिवात जीव येतो.

आता तो आकडा काय सांगतो बघा. एच-इंडेक्स होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली सुचवला. तुमच्या पेपरचा दुसऱ्यांनी आपल्या लेखात संदर्भ दिला की ते एक सायटेशन; आणि जितक्या पेपरांना प्रत्येकी निदान तितकी सायटेशन आहेत, तो तुमचा इंडेक्स. एखाद्याचे दहा पेपर आहेत आणि प्रत्येकाला दहा-दहा सायटेशन आहेत, तर त्याचा इंडेक्स १०. दुसरीचे चारच पेपर, पण प्रत्येकाला पाचशे सायटेशन. तिचा इंडेक्स ४. चारच पेपर म्हटल्यावर तो चारच्या वर जाऊच शकत नाही. शिवाय गणितात सायटेशन सावकाश जमतात, वैद्यकात भराभर. त्यामुळे दोन शाखांचे आकडे शेजारी ठेवणंच चूक.

इम्पॅक्ट फॅक्टर या दुसऱ्या आकड्याचं तर विचारूच नका. तो नियतकालिकाचा असतो, लेखाचा नव्हे. मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा सरासरी किती सायटेशन मिळाली, एवढंच त्यात कळतं. मोजक्या लेखांनी ती सरासरी वर ओढलेली असते, बाकीचे तिच्या आडोशाला. ही सरासरी माणसाला लावू नका, असं सांगणारा जाहीरनामा २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या बैठकीतून निघाला. ‘डोरा’ म्हणून तो ओळखला जातो. २०१५ च्या लायडन जाहीरनाम्यानेही बजावलं, की आकड्यांनी तज्ज्ञांच्या निर्णयाला आधार द्यावा, त्याची जागा घेऊ नये. ‘डोरा’वर सह्या करणं सोपं होतं. सवय जात नाही.

अध्यापनाचंही तेच. विद्यार्थ्यांनी दिलेल्या गुणांची सरासरी काढली की काम झालं, असं समजतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात ऑनलाइन वर्गातल्या शिक्षकांची नावं अदलाबदल केली होती. शिकवणारी व्यक्ती तीच, पण पुरुषाचं नाव दिसलं की गुण जास्त!

एक फाइल मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. इतिहासाच्या एक बाई, पाच वर्षांत एकच पेपर. अर्जदारांच्या आकड्यांच्या तक्त्यात त्यांचं नाव सगळ्यात खाली होतं. आदल्या रात्री मी तो साठ पानी पेपर वाचायला घेतला. विषय माझा नाही, पहिली दहा पानं जड गेली. मग एक तळटीप आली. एका पत्राच्या तीन प्रती ताडून पाहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं होतं, की आपल्याच जुन्या लेखात दिलेली तारीख चुकली. ती चूक त्यांनी स्वच्छ शब्दांत कबूल केली होती आणि कुठल्या प्रतीवरून ती कळली तेही लिहिलं होतं. असं काम कुठल्या रकान्यात बसवायचं? बैठकीत मी ती तळटीप मोठ्याने वाचून दाखवली. सगळ्यांनी ऐकली, पण निकाल तक्त्याप्रमाणेच लागला.

अर्ज भरणाऱ्यांना म्हणून मी एवढंच सांगते, की नुसती यादी जोडू नका. कुठला प्रश्न घेतलात, आधी काय माहीत होतं आणि तुमच्यामुळे काय नवं कळलं, हे परक्या शाखेच्या माणसाला समजेल असं एका पानात लिहा. वाचायला बसणाऱ्याला दार तरी सापडतं.

त्या बाईंची बढती दोन वर्षांनी झाली. तोवर आम्ही भांडून एक नियम करून घेतला होता: अर्जदाराने स्वतः निवडलेले तीनच लेख द्यायचे आणि प्रत्येक लेख किमान दोघांनी वाचून यायचं. त्या दिवशी बैठक अंधार पडेपर्यंत चालली, आणि पहिल्यांदाच आम्ही कामाविषयी बोललो.